चिमटे

छातीवरच्या काळ्या पाटीवर ‘एल्डर’.
वय एकोणीस. मिशीही धड नाही.
घाटल्यात, आमच्याच मजल्यावर राहतात दोघं:
हा सोरेनसन, आणि राजमुंद्रीचा यर्रा,
जो याला भात कालवायला शिकवतो.

पहिल्यांदा चहा नको म्हणाला
तेव्हा रागच आला मला.
आता त्याच्यापुरतं कोकम करते.

लोक दार लावून घेतात.
हा बंद दारालाही थँक्यू म्हणतो.

सोमवारी पांढरे शर्ट वाळत घालतो, उलटे.
या सोमवारी बादलीतच राहिले.
आजोबा गेले म्हणे. घरी जायचं नाही,
अजून चौदा महिने.

विचारलं, तुझा देव काय म्हणतो?
“अजून काही नाही,”
मोडक्या मराठीत म्हणाला,
आणि बादली उचलली.

चिमटे मी धरले.