चौदा चोक छप्पन्न

दिवसभर मी कोर्टनाक्यावर झेरॉक्स काढते.
पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
चौदा वर्षांत किती आरोपपत्रं या काचेवर पालथी घातली,
मोजली नाहीत.
वाचली तर नाहीतच. पालथं घातलेलं कोण वाचतं?

सात वाजता कळव्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
फौजदारी कामकाजाचा वर्ग. आम्ही अकरा जण, पंखे दोन,
त्यातला एक साक्षीदारासारखा, हलतो पण बोलत नाही.
चौबळबाई, सेशन कोर्टातल्या निवृत्त शिरस्तेदार,
खडू मोडून अर्धा माझ्या हातात देतात:
‘तुमचं अक्षर बरंय, लिहा.’

डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी.
तीनशे दोनचं एकशे तीन झालं,
चारशे वीसचं तीनशे अठरा.
मागून मढवी विचारतो,
‘मग बाई, आता कुणाला चारसोबीस म्हणायचं नाही?’
बाई हसत नाहीत. ‘म्हणा की.
अर्जात लिहू नका.’

मग दिवस मोजायला शिकवतात.
आम्हाला वाटलं, यात काय शिकायचं?
‘अटकेपासून नाही. कोर्टानं कोठडी दिली तो पहिला दिवस.
साठ, मोठा गुन्हा असेल तर नव्वद.
तोवर आरोपपत्र आलं नाही, तर जामीन मिळतो.’
मी ‘मिळतो’ लिहिलं.
बाईंनी ते बोटानंच पुसलं.
‘मागता येतो, असं लिहा.
न मागितलेला हक्क उंबऱ्यावर बसून वाट पाहत नाही.
पोलीस गठ्ठा घेऊन आले आणि तुमचा अर्ज पेनातच असला,
तर संपलं.’
फरहीन डोलारे बोटांच्या पेरांवर मोजत होती.
ती थांबली.

चौथ्या महिन्यात आम्हाला जेलमधल्या मदतकक्षात नेलं.
किल्ल्याची भिंत रोज दुकानातून दिसते मला,
आतून ती ओली असते हे माहीत नव्हतं.
समोर चिंतू मुकणे, शहापूरकडचा,
तांब्याच्या तारेची चोरी.
किती दिवस झाले?
‘काय म्हाईत ताई.’
तारीख?
तो हसला, जणू मी त्याच्या बँकेचं नाव विचारलं.
मग म्हणाला, ‘त्या टीव्हीपुढं चार येळा उभा केला.’

चार वेळा. दर चौदा दिवसांनी.
चौदा चोक छप्पन्न.
शाळेत गुरुजींनी पाढ्यासाठी छडी मारली होती,
तिचा उपयोग त्या टेबलाशी झाला.
‘आणि शेवटचं उभं केलं त्याला?’
‘तवा दाढ सुजलेली. सूज उतरूनच दोन रोज झालं.’
कारकुनानं रजिस्टर उघडलं, कंटाळून बोट फिरवलं:
एकोणसाठ.

मी वकील नाही. बाई दर वर्गात सांगतात,
बाजू मांडायची नाही, सल्ला द्यायचा नाही,
कागद नीट लावायचे.
मी कागद नीट लावले.
रिमांडच्या कागदावर तो चिंटू होता, वॉरंटवर चिंतू.
असल्या एका अक्षरापायी अर्ज परत येतात,
दुकानात उभी राहून पाहिलेलं आहे.
त्याचा अंगठा मी पॅडवर दाबला. नख तुटकं होतं.
‘लई जोरात धरलाव,’ तो म्हणाला.

एकसष्टाव्या दिवशी साडेनऊलाच शटर वर केलं.
मदतकक्षाचे वकील यायच्या आत तीन प्रती.
काचेवर ठेवण्याआधी
अर्ज सुलटा धरून पहिल्यांदा वाचला,
पहिल्या ओळीपासून, जागेवर उभी राहून,
मागं दोन गिऱ्हाइकं कुरकुरत असताना.
वहीत पैसे लिहिले नाहीत.

वकील गेले. अकरा वाजता काय होईल ते अकरा वाजता.

पुढचा माणूस सातबारा घेऊन आला.
प्रत निघाली, त्यानं उजेडात धरली.
‘बाई, हा डाग कसला?’
कोपऱ्यात, पुसट, अर्धा अंगठा.
शाई दाट बसली होती, वाळली नसणार.
‘काच पुसा जरा.’

पुसते, म्हटलं,
आणि त्याला दुसरी प्रत फुकट दिली,
तिच्यावरही तो होता.