नोटिशीला उत्तर, साध्या टपालानं

मिठारीसाहेब,
तुमच्या वकिलांचं रजिस्टर पत्र पोचलं.
पोस्टमन सही घेताना म्हणाला, लग्नाचं बोलावणं काय?
म्हटलं, व्हय, दहा लाखांचा अहेर मागितलाय.

परिच्छेद तीनमध्ये लिहिलंय,
आमचे अशिलांनी सदर विधान केलेलेच नाही.
चारमध्ये, केले असल्यास त्या अर्थाने केलेले नाही.
पाचमध्ये, त्या अर्थाने केले असल्यास
ते छापण्यासाठी केलेले नाही.
वाचताना विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं झालं,
एकेक करत, पाण्यापर्यंत.

टेप माझ्याकडं आहे. एक तास बावन्न मिनिटं.
उद्यमनगरातला तुमचा वरचा मजला,
खाली लेथ मधूनच किंचाळते,
काकू विचारतात, ह्यांना बिनसाखरेचा का?
मग तुमचा आवाज. घाई नाही, कुणाची बळजबरी नाही.
"शंख माझा न्हवंच. आमच्या पंपाचा शंख
बाबालालनं काढला. मुल्लाणी मिस्त्री.
रंकाळ्यावरनं गोगलगाईचा रिकामा शिंपला आणला,
बारीक करवतीनं उभा कापला
आणि आठ दिवस नुसता बघत बसला.
मी म्हटलं, फुकटचा पगार खातोस व्हय रे?
नवव्या दिवशी तोच बाक सागवानात उतरवला त्यानं.
कॅटलॉगवर नाव माझं. फोटो माझा.
त्याला दिवाळीला एक सदरा."
आणि मग पंधरा सेकंद
फक्त लेथ.

तुम्ही विसरला असाल,
त्याआधी एकदा तुम्ही हात वर केला होता.
"हे बंद कर."
मी बंद केलं.
दहा मिनिटं तुम्ही धाकट्या भावाविषयी बोललात.
ते टेपवर नाही, अंकात नाही,
माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही.
मग तुम्हीच म्हणालात, "हं, लाव आता."
आणि लावल्या लावल्या
पहिलं नाव घेतलंत ते बाबालालचं.

माझा अंक आठ पानांचा. पाचशे प्रती.
त्यातल्या सत्तर घरीच पडून असतात.
गंजी गल्लीत जिन्याखालची खोली, भाडं दोन महिन्यांचं थकलेलं.
जाहिरात एकच होती, तुमच्या चिरंजीवांची,
ती गेल्या सोमवारी फोनवर गेली.
दहा लाख म्हणजे नेमके किती
हे मोजायला मला तुमचाच हिशेबनीस लागेल.

चूक झाली तिथं चूक म्हणतो.
काकूंचं माहेर मी गडहिंग्लज छापलं, ते निपाणी.
त्यांची माफी मागायला मी स्वतः येईन,
चहा साखरेचा दिला तरी चालेल.
तुमचा खुलासा पाठवा. पहिल्या पानावर घेईन,
त्याच टायपात, एक काना न कापता.
मी असे म्हणालो नाही, एवढंच लिहिलंत
तरी तेवढंच छापेन.
पण ती नऊ-दहा वाक्यं मागं घेणार नाही.
ती माझी नाहीत, साहेब.
दुसऱ्याची वस्तू मी कशी परत घेऊ?

मला वाटतं, तुम्हालाही भीती माझी नाही.
सकाळी फाटकातून आत शिरताना
जुने कामगार आता जरा वेगळ्या नजरेनं बघत असतील.
का कोण जाणे, मला वाटतं
ती नजर वाईट नसावी.

परवा बाबालालची मुलगी आली होती,
शिरोळहून, एस.टी.नं. साठीच्या असतील.
एक अंक मागितला. पैसे पुढं केले,
मी नको म्हणायला हवं होतं, पण घेतले.
जिन्यात उभ्यानंच वाचलं सगळं, बोट फिरवत.
मग विचारलं, "तो शिंपला कुठं असेल?
अब्बांनी घरी कधी आणला नाही."

मला माहीत नाही.
तुमच्या जुन्या कपाटात, पॅटर्नच्या खोलीत,
ड्रॉवरच्या मागं कुठं असला तर बघा.
अर्धा जरी मिळाला तरी कळवा.
वकिलामार्फत नको.

आपला,
भरतेश कुंभोजे