नमुना क्रमांक एक्केचाळीस

डबी हातात दिली तेव्हा अजून कोमट होती.
आत पातळ, पिवळट, चुन्याच्या निवळीसारखं काही.
तो वास मी दिघोरीपासून व्हेरायटी चौकापर्यंत
बसमध्ये, माझ्याच ओढणीत हुंगत आले.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमची प्रयोगशाळा.
इनक्युबेटर सदतीसवर,
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
जंतूंना आत जरा गारवाच.

सकाळी काचेच्या बशीत गुलाबी ठिपके,
सगळे एका जातीचे.
उठलेल्या बाजारात एकच दुकान उरावं
आणि ते रात्रभर उघडं असावं, तसे.

बाकीचे कुठे गेले?
सडावरून, जिभेवरून, गोठ्याच्या मातीतून
पहिल्याच दिवशी येऊन
न विचारता जागा धरणारे,
पुढे जन्मभर कडब्याचं दूध करत बसणारे?
माझ्या रजिस्टरात त्यांच्यासाठी रकाना नाही.
रकाना फक्त भांडखोरांना.

टिकलीएवढ्या सहा औषधी चकत्या मांडल्या.
पाचांच्या कडेला खेटून रान उगवलं.
सहावीभोवती एक अरुंद, स्वच्छ गोल,
बांगडीत मावेल एवढा.

पंचफुलाबाई नेहारेंना फोन लावला.
"वगारीला चीक पाजला होता?"
पलीकडे म्हशीच्या साखळीचा आवाज.
"दोन घोट. बाकीचा बर्डीवर गेला, मॅडम.
खरवसवाला पहाटेच येऊन बसते."

मागच्या रविवारी बर्डीवरच
वेलदोडा, जायफळ, वरून केशराची काडी,
मी दोन वड्या खाल्ल्या होत्या.
हे मी कुठेही नोंदवलं नाही.

दुपारी गोठ्यात गेले.
नऊ दिवसांची वगार, डोळे खोल,
कान हाताला गार लागले.
मीठ-साखर-सोड्याचं पाणी बाटलीनं पाजलं,
सहाव्या चकतीचं इंजेक्शन मानेत दिलं
आणि घड्याळ पाहिलं.

पंचफुलाबाईंनी घड्याळ पाहिलं नाही.
थोरल्या म्हशीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला,
रवंथाचा हिरवा, फेसाळ गोळा काढला
आणि वगारीच्या जिभेवर ठेवला.
"माह्या सासूनं असंच केलं होतं.
वाचलं त वाचलं."

याला पुस्तकात लांबलचक नाव आहे.
इतक्या लहान पोटात ते कितपत रुजतं,
त्यावर पानंच्या पानं वाद आहे.
मी दोन्ही सांगितलं नाही.
वगारीनं अर्धं थुंकलं, अर्धं चघळलं.

नमुना क्रमांक त्रेचाळीस, चौथ्या दिवशी:
किंचित घट्ट.
बशीत गुलाबी कमी, मधे दोन फिकट,
एक दातेरी कडेचा, ओळखीचा नाही.
मी त्याला नुसतं "इतर" लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसले.

नंतर नळाखाली साबण लावला.
एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा हात थांबला.