वजा बावीस

धक्का बांधायचं ठरलं तेव्हा रेवणने
पहिला प्रश्न विचारला: काठ कुठला धरायचा?
भादव्यात पाणी न्हाणीच्या दगडाला चाटून जातं,
वैशाखात घरापासून चारशे पावलं लांब पडलेलं असतं.
मी मोजलीत. घागर घेऊन नव्हे, ग्रीसचा डबा घेऊन.

कुगावात माणसं पाण्याबद्दल टक्क्यांत बोलतात.
"किती आलंय?" "अधिक चाळीस."
"किती राहिलंय?" "वजा बावीस."
शून्याच्या खालीसुद्धा पाणी असतं
हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून धक्का तरंगता.
सोळा निळे पिंप, सोलापूरच्या एका रंगशाळेतले;
किती खळखळून धुतले तरी पहिल्या वर्षी
त्यांच्या भोवतीच्या पाण्यात टॉवेलांचा गुलाबी उतरायचा.
वर बाभळीच्या फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट.
"फट नाही ठेवली तर फुगून एकमेकींना उचलतात,"
रेवण म्हणाला.
तेव्हा आम्ही तिघी जावा एका चुलीवर होतो.
मी काही बोलले नाही.

होडी उचलायचा पाळणा मात्र मागाचा.
कारखाना बंद पडला, माग किलोवर गेले,
त्या दिवशी हा हिशेबाच्या पैशांऐवजी
एकोणीस नंबरची दातेरी चाकं पोत्यात घालून घेऊन आला.
मी दोन दिवस बोलले नाही.
एकवीस वर्षं ज्याने चादरी गुंडाळल्या
तो रूळ आता तारेचा दोर गुंडाळतो.
हँडल फिरवलं की तोच खटका पडतो, फक्त सावकाश,
आणि याची मान अजून त्या बाजूला कलते,
धागा तुटला का ऐकायला.

बांधायला पंधरा दिवस लागले.
राखायला रोजचा दिवस लागतो.
पाणी वीतभर उतरलं की दोर दोन हात सोडायचा,
खुंट उपटून पुढे ठोकायचा,
जलपर्णी दाताळ्याने ओढायची, ती उद्या पुन्हा हजर.
नट गंजतात. उंदीर नायलॉनही खातात.
एका रात्री कालव्याला पाणी सोडलं आणि आम्ही झोपलो होतो:
सकाळी धक्क्याचा एक कोपरा दगडावर,
सगळा धक्का तिरका,
आणि होडी पाळण्यात एका कुशीवर,
ताप आलेल्या पोरासारखी.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आक्का होडीत पाय टाकू शकत नव्हती.
लेक पलीकडे शिरसोडीत. समोर दिसते ती बाभळीची रांग, तिथे.
रस्त्याने गेलं तर अख्खा दिवस, आणि जीपचे हादरे.
रेवणने होडी वर घेतली, फळ्यांच्या बरोबरीला,
आत प्लास्टिकची खुर्ची सुंभाने बांधली.
आक्का घरात शिरावी तशी होडीत शिरली.
मग एकेक खटका. हा मोजत होता, ओठ हलत होते.
आक्का हवेत, मांडीवर शेंगाचटणीची पिशवी,
खाली पाणी आणि पाण्यात खालून वर येणारी आक्का.
"एवढं हळू तर मला सासरीपण नेलं नव्हतं रे,"
ती म्हणाली,
आणि दोघी आक्का टेकल्या.

ते दिवाळीत. ती राहिली तिथेच;
महिनाभर म्हणून गेलेली, मग पाणी पळालं.
आता घरापासून धक्क्यापर्यंत चिखल,
वर पापुद्रा, आत गुडघाभर.
तो तिला ओलांडवणारा पाळणा कुणी केलेला नाही.
रविवारी फोन येतो.
"किती राहिलंय गं?"
"वजा बावीस."
"मग थांबते."
मागच्या रविवारी वजा तेहतीस होतं.
मी तिला बावीसच सांगितलं.

आज म्हणे दौंडातून बारा हजारांनी सोडलंय.
इकडे आभाळात ढगाचं बोटुक नाही,
पुण्याकडे कुठे कुणाच्या डोक्यावर पडत असेल.
रेवण पार तिकडे, मुंगीएवढा,
पहिला खुंट उपटून अलीकडे आणतोय.
मी डबा उचलते.
चाकाला बेचाळीस दात आहेत,
त्यातला एक आमच्याकडे येण्याआधीचाच तुटका.
त्यालाही लावते.