वार कोणाचा

नव्या कन्सोलला तोंडच नाही.
टीव्हीशेजारी उभा राहतो पांढराशुभ्र,
साखरपुड्याला आलेल्या अबोल पाहुण्यासारखा.
चकती भरवायची फट शोधत मी चारी बाजूंनी बोट फिरवलं,
मग पावती नीट वाचली.
तीन हजार कमी का होते, ते कळलं.

म्हणून जुन्या तेरा डब्या पिशवीत घालून
जेल रोडला, मोटवानीकडे.
तो एकेक चकती ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो
आणि ओरखडे मोजून भाव सांगतो:
"ये दो सौ. ये डेढ़ सौ.
इसको तो भिया, बिल्ली ने नोचा है."

बारा झाल्या. तेरावी शर्यतीची.
झाकणावर लाल गाडी, उन्हाने गुलाबी पडलेली,
आणि आत मार्करने, माझ्याच वाकड्या अक्षरात:
सोम मंगळ बुध मी
गुरू शुक्र शनी पुष्कर
रविवार जो आधी उठेल तो

सातशे त्याचे, सातशे माझे.
माझे केमिस्ट्रीच्या क्लासच्या फीमधले,
त्याचे कुठले ते त्याने कधी सांगितलं नाही.
बुधवारी रात्री नऊच्या ठोक्याला
लोकमान्य नगरहून रामबागेपर्यंत सायकल हाणत
टेंब्यांचा पुष्कर दारात हजर,
चकती न्यायला.
चकती न्यायला म्हणजे
उभ्याउभ्या मूठभर लसणाची शेव खायला,
बाबांची बदली थांबली का ते विचारायला,
ताईच्या स्कूटीची चेन बसवून द्यायला,
आणि "निघतो" म्हणून
आणखी तासभर न निघायला.

एकदा मी दिली नाही. तीन फेऱ्या उरल्या होत्या.
अकरा दिवस बोलणं बंद.
बाराव्या दिवशी तो आला,
म्हणाला, वार चुकलेत, पहिल्यापासून मोज.

आता खेळ माझ्या खात्यात असतात.
खोटं कशाला बोलू, सोय आहे.
मध्यरात्री सत्तर टक्के सूट लागते,
पांघरुणातून हात बाहेर काढायचा, घ्यायचा.
हरवत नाही, झिजत नाही,
सायलीला कपाटातला खण मोकळा मिळतो.
अटी एकदा वाचायला घेतल्या होत्या.
चौथ्या पानावर लिहिलंय की खेळ त्यांचाच,
मला फक्त खेळू देतायत.
बरं. तेही एक वेळ चालेल.
पण बुधवारी रात्री नऊला
तो मागायला कोणी येत नाही.

मोटवानीने तेरावी उघडली
आणि माझ्याकडे वळवली.
मधल्या गोल दातांवर काहीच नव्हतं.
"खाली डब्बा नहीं लेते, भिया."

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली.
ओला हिरव्यात, सुका निळ्यात,
इंदूरमध्ये हे झोपेतसुद्धा चुकत नाही.
डबी हातात घेऊन फाटकापर्यंत गेलो.
प्लास्टिक. सुका.
गाडीवाला म्हणाला, "डालो साहब."
मी म्हटलं, "नहीं, ये ऐसे ही."
आणि तसाच परत.

पुष्कर आता रॉटरडॅमला, पुलांची गणितं करतो.
चार महिन्यांत आमचा एक निरोप,
तोही कोणाच्या तरी मुलाच्या मुंजीचा.
लिहिलं: शर्यतीची चकती तुझ्याकडे आहे का रे?
दिवसभर काही नाही.
रात्री त्याच शर्यतीचा नवा भाग मी विकत घेतला,
चौऱ्याऐंशी जीबी,
आणि एकतीस टक्क्यांवर तो रेंगाळला असताना
फोटो आला.
खण. चमचे, सेलो टेप, भारतातली जुनी सिमकार्डं,
त्यांत आमची चकती, कागदी पाकिटात,
कडेला तोच चंद्रकोरीसारखा ओरखडा.
खाली लिहिलेलं:

गुरुवारी घेतली होती.
शनिवार संपायचाय अजून.

दोन हजार तेराचा गुरुवार.
मी खूप वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, ठीक आहे, ठेव.
पण रविवार लक्षात असू दे.
आमच्याकडे साडेतीन तास आधी उजाडतं.