माइक चालू होता

दुकान माझं मानवतला, जिनिंगच्या रस्त्याला.
बोर्डावर अजून दस्तगीर साउंड सर्व्हिस,
चाचा जाऊन नऊ वर्षं झाली तरी.
हप्त्याला एखादं बारसं, महिन्याला सप्ताह,
आणि पाच वर्षांनी हे लोक.

चाचा म्हणायचे, पोरा, चेहरा बघू नको,
चेहऱ्याला पावडर लागते.
बोलायच्या आधी माइकवर श्वास पडतो ना,
तेवढा ऐक.
पुढचं सगळं कुणीतरी लिहून दिलेलं.

ऐकत आलो मी.
एकाचा श्वास जिना चढून आल्यासारखा.
एकाचा लवंगेचा,
हो, वास स्पंजात राहतो दुसऱ्या दिवसापर्यंत.
एकजण बोटानं ठकठक करायचा तीनदा,
घरात कुणी आहे का विचारल्यासारखं
आणि कुणी नसलं तरी बरंच, अशा घाईनं.

विश्वंभरराव फोनवर 'येतोय' म्हणत गाडीतून उतरतात,
माइकवर 'यायलोय' म्हणतात.
मधे चार पायऱ्या.
त्या मीच लावतो, म्हणून मोजून सांगतो.
खाली लोक खुश : बघा, कसा आपल्यासारखा बोलायलाय.
मी हे घरी सांगितलं तर सत्यभामा म्हणाली,
'हॅलो चेक, हॅलो' म्हणताना
तू तरी कुणाच्या आवाजात बोलतोस?
मला तर तसं कधी हाक मारली नाहीस.

रामपुरीच्या सभेत त्यांनी आई सांगितली.
आईचं हिरवं लुगडं, त्याला सात गाठी,
आणि लुगडं या शब्दाला गळा भरून आला.
पाथरीला तिथंच आला होता. सेलूलाही.
मी त्या शब्दाच्या आधी
आवाज एक घर वाढवून ठेवायचो.
पैसे त्याचेच घेतो.

सभा संपली. कॉलरचा माइक काढायचा राहिला.
स्पीकर बंद, पण माझ्या कानाला हेडफोन.
जनरेटरची घरघर. पाण्याचे घोट.
मग ड्रायव्हरला, हळू :
'मारोती, खरं वाटलं का रं?'
'लई, साहेब.'
मग बराच वेळ काही नाही.
मला वाटलं वायर तुटली.
मग :
'निळं होतं रं तिचं.
हिरवं कुठून आलं तोंडात, आता जाईनाच.'

माझं बोट त्या बटणावर होतं.
एक इंच वर सरकवलं असतं
तर अख्ख्या रामपुरीनं ऐकलं असतं.
नाही सरकवलं.
बिल बाकी होतं, हे एक.
दुसरं काय ते अजून सापडत नाही.

चहाच्या गाड्यावर वाद.
'डोळ्यात पाणी होतं की त्याच्या.'
'पाणी तर नळालाबी येतं या हप्त्यात.'
'अन् आईचं कोण खोटं सांगतंय?'
मग सगळे माझ्याकडं वळले,
तू तर जवळून बघतोस, तू सांग.
मी म्हणालो, साखर जास्त झाली चहात.

काय सांगणार होतो?
की खोटं बोलतो माणूस,
आणि खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटतं,
की वाईट वाटतं तेही
ड्रायव्हरवर करून बघत होता, पुढच्या सभेसाठी?
पुढची सभा मी नाही केली. परभणीच्या पार्टीला गेली.
तिथं लुगडं कोणत्या रंगाचं होतं,
विचारीन म्हणतो कुणाला तरी.

झेडपीच्या शाळेत मशीन वाजलं, लांब,
सगळ्यांना सारखंच वाजतं ते.
मी कुणाला दाबलं ते सत्यभामेलाही सांगितलं नाही.
खरं तर दाबताना डोळ्यापुढं
एक बाई होती, पाठमोरी,
आणि तिच्या लुगड्याचा रंग काही दिसेना.

आता निवडणूक आटोपली की
स्पंज धुतो मी मागच्या अंगणात.
सगळ्या पक्षांचे एकाच घमेल्यात, निरम्याच्या पाण्यात.
सरकीचा कापूस सुटतो, तंबाखू सुटते,
पाणी मातकट होतं, दर वेळी तेच.
तरी वाकून बघतो उगीच,
कुठं निळं उतरलंय का.