टेकू

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
लाखांदूरच्या दवाखान्यात माझी खुर्ची खिडकीशी असते.
आज तिच्यात कवडू मेश्राम,
मांडीवर क्लॅरिनेटची पेटी.
खाली ठेवा म्हटलं, तर,
"राहू द्या जी, तिले सवय आहे."

"सूर फाटते," सांगतात.
"पत्ती तीनदा बदलून पाह्यली.
मंग समजलं, पत्ती नाही, दातच हालते."

क्लॅरिनेटची तोंडी वरच्या दातांना टेकते,
कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आरसा आत घालते.
दात शाबूत. कीड नाही, भोक नाही.
खर्ऱ्याचा तांबूस थर,
आणि हिरडीच्या काठाला सळई लागताच रक्त.
तीन. सहा. सात मिलिमीटर.
"दुखतं?"
"दुखलं असतं तं पहिलेच आलो असतो ना."

फिल्म उजेडाला धरते.
वरच्या दातांचं हाड वर वर सरकलेलं,
चैतात बोडीचं पाणी
काठ सोडून आत जातं तसं.
मुळं उघडी.

कसं सांगू यांना,
की हाडात दोन टोळ्या राबतात,
एक खणते, एक भरते,
आपण झोपलो तरी.
खणलं तेवढं भरलं, म्हणून हाड जागच्या जागी दिसतं.
मग हिरडीखाली जंतू वस्ती करतात,
शरीर धावतं, त्यांना जाळायला आग लावतं,
आणि आग विझतच नाही,
धुमसत राहते वर्षानुवर्षं.
त्या धुरात भरणारेच हाका मारतात
खणणाऱ्यांना: या, अजून या.
एरवी तेच त्यांना चुकीच्या दारावर पाठवायचे.
आता पाठवत नाहीत. फावडी टाकून बसतात.
जंतू हाड खात नाहीत.
खातं ते आपलंच.

यातलं निम्मं बोलते.
ते छताकडे बघत ऐकतात.
"म्हंजे बांधणाऱ्यानंच बलावलं पाडणाऱ्याले?"
"तसंच."
"आमच्या पार्टीत बी झालं जी.
डीजे आला ना गावात,
त्याले पहिला फोन आमच्याच ढोलवाल्यानं केला.
भावाच्या लग्नात."
आणि हसतात, तोंडात कापूस असताना.

मी खरवडते. दगडासारखे पापुद्रे
ट्रेमध्ये टिकटिक पडतात.
गेलेलं हाड परत येईल असं म्हणत नाही.
आग विझली तर उरलेलं राहील, म्हणते.
खर्रा सोडा, म्हणते.
"तुळशीच्या लग्नापावतर टिकन?"
ह्याला माझ्याकडे आकडा नाही.

उठताना पेटी उघडतात, दाखवायला.
काळ्या तोंडीवर दोन खाचा,
समोरच्या दोन दातांच्या,
चाळीस वर्षांच्या.
सवयीने मी तिथेही सळई लावते.

एक मिलिमीटर.
जेमतेम.